प्रकाशाने जागे होणारे विष

शिळ्या भाकरीवरची बुरशी भाकरीसह फेकून देता येते. माणसाच्या रक्तात शिरलेली बुरशी मात्र वैद्यांना जेरीस आणते. जीवाणूची पेशी आपल्या पेशीहून पुष्कळच निराळी असते, म्हणून तिला मारून रोग्याला राखणारी औषधे सापडली. बुरशीची पेशी ही आपल्या पेशीची दूरची बहीणच होय. तिच्यावरचा घाव कित्येकदा रोग्यालाही लागतो. औषधे मोजकीच, आणि त्यांनाही न जुमानणाऱ्या जाती आता निपजल्या आहेत. २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून मिळालेली कॅन्डिडा ऑरिस ही त्यांतलीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सर्वांत निकडीच्या म्हणून ज्या चार बुरश्या निवडल्या, त्यांत तिची गणना आहे.

या संकटावर एक तोड प्रकाशात शोधली जात आहे. म्युनिकमध्ये फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब हा अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामिशियम नावाच्या सूक्ष्म जीवांवर होणारा परिणाम तपाशीत होता. द्रावण तेच, जीव तेच. तरी कधी ते झटपट मरत, कधी रेंगाळत. हा फरक प्रकाशाचा, हे त्याने ताडले आणि १९०० साली प्रसिद्ध केले.

असे द्रव्य प्रकाश शोषून घेते आणि ती शक्ती जवळच्या प्राणवायूला देते. खवळलेला प्राणवायू क्षणभरच टिकतो, परंतु तेवढ्यात पेशीचे आवरण, प्रथिने, जे सापडेल ते जाळतो. जस्त किंवा रुथेनियम यांसारख्या धातूंची काही संयुगे या कामी विशेष उपयोगी पडतात. घाव एकाच जागी बसत नसल्यामुळे बुरशीला पळवाट काढणे अवघड जाते.

टिटॅनियम डाय-ऑक्साइडची तऱ्हा थोडी वेगळी. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य! अतिनील किरण पडताच त्यातील इलेक्ट्रॉन जागा सोडतात, आणि पाणी व हवा यांच्यापासून तसेच दाहक कण तयार होतात. १९८५ साली जपानी संशोधकांनी प्लॅटिनम जडविलेल्या या भुकटीने जीवाणूंबरोबर किण्व, म्हणजे यीस्टही, मारून दाखविले.

तथापि बुरशीचे कवच जाड असते. तिला जीवाणूहून अधिक मात्रा लागते. शिवाय प्रकाश शरीरात खोल पोचत नाही. म्हणून तूर्त रोख आहे तो त्वचा, नखे, तोंड आणि रुग्णालयातील पृष्ठभाग यांवर. घरातील दिव्यांत अतिनील किरण जवळजवळ नसतातच. यास्तव टिटॅनियमच्या संयुगात चांदी वा नायट्रोजन मिसळून ते साध्या उजेडातही जागे व्हावे, अशी खटपट चालू आहे.