धानाच्या पोत्याला नाक कुठे असते?

जूनचा शेवटचा आठवडा होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती आणि गावात पऱ्हे टाकायची घाई चालली होती. आमच्याकडे भंडारा जिल्ह्यात काही शेतकरी कोरडे धान न टाकता मोड आणून टाकतात. धान रात्रभर पाण्यात भिजवायचे, सकाळी उपसून पोत्यात भरायचे, वरून तणस घालायची आणि पोते कोपऱ्यात दडपून ठेवायचे. लाखनीजवळच्या एका शाळेत मी सातवीच्या वर्गाला श्वसन शिकवत होतो. भिंतीवर तक्ता टांगला होता आणि त्यावर नाक, श्वासनलिका, दोन गुलाबी फुप्फुसे होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उशिरा आला. विचारल्यावर म्हणाला, "सर, घरी पोतं तापून रायलं. त्याच्यावर पानी शिपत होतो."

मोड येणारे धान तापते हे त्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पाणी मारले नाही, पोते उलटेपालटे केले नाही, तर आतले मोड करपतात हेही ठाऊक होते. पण ते का तापते, हे मी आठ वर्षांच्या नोकरीत एकाही वर्गाला विचारले नव्हते. त्या दिवशी सांगून टाकले की धान श्वसन करते आहे, म्हणून तापते. मुलाने तक्त्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "मंग त्याचं नाक कुठं रायते?"

त्या प्रश्नानंतर मी श्वसनाचा धडा छातीपासून शिकवणे सोडून दिले. पुढची सगळी वर्षे तो धानाच्या पोत्यापासून शिकवला, आणि या लेखात मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांतला फरक मुलाला कळायला हवा असेल, तर जिथे श्वासोच्छ्वास मुळीच नाही आणि श्वसन मात्र जोरात चालू आहे, अशा ठिकाणी त्याला आधी न्यावे. छातीपासून सुरुवात केली की दोन्ही गोष्टी एकाच वेळी, एकाच जागी घडताना दिसतात आणि पुढे जन्मभर सुटत नाहीत.

पुस्तकी भाग थोडक्यात उरकतो. हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे म्हणजे श्वासोच्छ्वास. ती स्नायूंची हालचाल आहे, बरगड्यांची आणि श्वासपटलाची. श्वसन मात्र पेशीत घडते. अन्नातल्या ग्लुकोजचे टप्प्याटप्प्याने विघटन होते, ऊर्जा मोकळी होते, त्यातली काही एटीपीच्या रेणूंत साठवली जाते आणि उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. ऑक्सिजन वापरून झाले तर ऑक्सिश्वसन, त्याच्याविना झाले तर विनॉक्सिश्वसन. ऑक्सिश्वसनाचा पहिला टप्पा पेशीद्रवात, पुढचे तंतुकणिकेत. त्यातल्या एका चक्राला हान्स क्रेब्जचे नाव आहे आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे नोबेल मिळाले. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात हे सगळे आहे, आणि श्वसन शरीरस्तरावर व पेशीस्तरावर अशा दोन पातळ्यांवर चालते हेही तिथे लिहिले आहे. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात. नंतर झाडाविषयी विचारले की म्हणतात, झाड पानांनी श्वास घेते.

यात मुलांचा दोष कमी आणि शब्दाचा जास्त. 'श्वसन' हा शब्दच मुळी श्वासातून आला. अमरकोशात श्वसन हे वाऱ्याचे एक नाव आहे. ज्या क्रियेला वाऱ्याची गरज असेलच असे नाही, तिला आपण वाऱ्याचे नाव दिले. इंग्रजांचीही तीच गत, त्यांचा शब्दही लॅटिनमधल्या श्वास घेण्यावरूनच आला आहे. त्यात मराठीत आपण जीव जाणे, जीव गुदमरणे, श्वास थांबणे हे सगळे एकाच दमात बोलतो. भाषेने एकत्र बांधलेले वर्गात सोडवायचे, तर व्याख्या फळ्यावर लिहून भागत नाही. हाताला चटका बसावा लागतो.

म्हणून पोते. मोड आलेल्या धानात कोपरापर्यंत हात घालायला सांगायचे. मग दुसरे पोते, कोरड्या धानाचे. त्यात हात थंड राहतो. कोरडे धानही जिवंतच आहे, पण त्याचे श्वसन इतके मंद की ते हाताला कळत नाही. पाणी मिळाले की ते जागे होते, साठवलेला स्टार्च मोडू लागते आणि तापते. हे कळले की मुले स्वतःच पुढची उदाहरणे आणतात. ओल्या धानाचे पुंजणे रचले की आतून वाफ येते. कडपा पावसात सापडला आणि तसाच गोळा केला की दाणा लाल पडतो. आधारभूत खरेदी केंद्रावर धान न्यावे, तर यंत्रात दाणे घालून ओलावा मोजतात आणि तो १७ टक्क्यांच्या वर गेला तर पोती परत. एका मुलीने विचारले, "सरकारला पाणी विकत घ्यायचं नाही म्हणून का?" तेही आहेच. पण ओले धान गोदामात श्वसन करत राहते, स्वतःलाच खात राहते, आणि त्याच्यावरची बुरशीही श्वसन करते. ढीग तापतो, दाणा खराब होतो. ज्या बापाची पोती परत आली होती त्याची ती मुलगी होती. तिने हे वहीत लिहून घेतले आणि घरी जाऊन वाचून दाखवले.

प्रयोगांचा मला फार नाद. सगळ्यात आवडता थर्मासचा. दोन थर्मास घ्यायचे. एकात मोड आलेले मूग, दुसऱ्यात तेच मूग उकळून थंड केलेले. तोंडाला कापसाचा बोळा लावून त्यातून तापमापी खोचायची, म्हणजे हवा आत जाते आणि ऊब आत राहते. दुसऱ्या दिवशी मोडांच्या थर्मासातला पारा चार-पाच अंश चढलेला असतो, उकळलेल्यांचा जागच्या जागी. मुगाला छाती नाही, नाक नाही, काही हलत नाही, तरी पारा चढतो. यापुढे श्वासोच्छ्वास आणि श्वसन एकच असे म्हणायला कोणी धजत नाही.

चुन्याची निवळीही लागते. कंपनीची बाटली मागवायची गरज नाही, पानठेल्यावरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की वर स्वच्छ निवळी येते. नळीने तिच्यात फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे सगळीकडे करतात. मी त्याच्या आधी दुसरे करतो. मोड आलेल्या मुगाच्या बरणीत निवळीची छोटी बाटली ठेवून झाकण घट्ट लावतो. सकाळी ती निवळी दुधाळ झालेली असते. फुंकर नंतर. म्हणजे मुलांना उलट्या बाजूने कळते की आपण जो कार्बन डायऑक्साइड फुंकला तो छातीत तयार झालेला नाही. मूग जे करतो तेच आपल्या पेशी करतात, छाती फक्त तो वायू बाहेर नेऊन टाकते. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, सोडलेल्या हवेत १६ च्या आसपास उरतो. मधला पाच टक्के कुठे गेला, हा प्रश्न तेव्हा कुठे खरा वाटू लागतो.

एकदा फजिती व्हायची वेळ आली होती, पण त्यातून मोठी गंमत निघाली. शनिवारी लावलेला थर्मास सोमवारी उघडायचा राहिला. मंगळवारी पाहिले तर उकळलेल्या मुगाचाही पारा चढलेला. वर्गात गोंधळ. मेलेले मूग श्वसन करतात? झाकण काढले आणि वासानेच उत्तर दिले. मूग मेले होते, पण त्यांच्यावर बुरशी आणि जिवाणू जोमाने वाढले होते, आणि श्वसन करत होते ते. त्यानंतर मी दरवर्षी मुद्दाम एक थर्मास चार दिवस ठेवतो.

श्वसन छातीत होते असे मुले म्हणतात तेव्हा मी त्यांना रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉयझिएची गोष्ट सांगतो, कारण ही चूक मोठ्या माणसाचीही आहे. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हॉयझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले. त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजले, त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते मोजले आणि कोळसा जळताना तेवढाच वायू निघाला तर किती बर्फ वितळतो त्याच्याशी ताडून पाहिले. आकडे जवळजवळ जुळले. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असा निष्कर्ष निघाला. इथपर्यंत माणूस अचूक. पण हे ज्वलन होते कुठे? तो म्हणाला, फुप्फुसात. आमच्या सातवीचे उत्तरही हेच. पुढे इटलीच्या स्पालान्झानीने दाखवले की प्राण्याच्या शरीरापासून वेगळे काढलेले ऊतकही ऑक्सिजन शोषते. त्याचे ते काम त्याच्या मृत्यूनंतर १८०३ मध्ये छापले गेले. तरी वाद मिटला नाही. १८७० च्या दशकात जर्मनीत फ्ल्यूगरच्या प्रयोगशाळेत बेडकाचे रक्त काढून मिठाचे पाणी भरले, तरी त्याचा ऑक्सिजन घेणे चालूच राहिले, तेव्हा कुठे फुप्फुस गेले, रक्तही गेले, आणि श्वसनाची जागा पेशी ठरली. एवढ्या मोठ्या लोकांना शंभर वर्षे लागली. आपण मुलांना एका तासिकेत कळावे म्हणतो.

तलावांविषयी न लिहिता भंडाऱ्यातल्या श्वसनाची गोष्ट पुरी होत नाही. कोहळी लोकांनी बांधलेले मालगुजारी तलाव, लहान बोड्या, आणि त्यांवर जगणारा ढिवर समाज. एका ढिवर मित्राबरोबर पहाटे बोडीवर गेलो होतो. आदल्या दिवशी आभाळ भरून होते. उजाडायच्या आधी मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होते. मित्र म्हणाला, "ढगाळ दिवसानंतर असंच होते. दिवस निघू दे, खाली जातीन." त्याला हे आजोबांकडून कळले होते. आत घडते ते असे. दिवसा पाण्यातली शेवाळे आणि वनस्पती ऑक्सिजन सोडतात, पण श्वसन तर त्या दिवस-रात्र करतात. ढगांमुळे दिवसा ऑक्सिजन कमी बनला, रात्रभर मासे, किडे, शेवाळे, गाळातले जिवाणू सगळ्यांनी तो वापरला आणि पहाटे साठा संपत आला. झाडे दिवसा ऑक्सिजन देतात आणि रात्री श्वास घेतात, असे मुले लिहितात ते चूक आहे हे बोडीच्या काठावर पाच मिनिटांत पटते. त्याच बोडीत मरळ असते. तिला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर तिचे भागत नाही. तिला पृष्ठभागावर येऊन हवा घ्यावीच लागते. जाळे बांधून वर येऊ दिले नाही तर मरळ पाण्यात गुदमरते. शेजारची रोहू त्याच पाण्यात सुखाने पोहत असते. श्वास घेण्याच्या तऱ्हा अशा अनेक, पण मरळीच्या, रोहूच्या आणि आपल्या पेशीत चालते ते काम एकच.

मोहफुलांचाही मोह आवरत नाही. मडक्यात भिजवलेली मोहफुले बुडबुडतात हे इथल्या मुलांना न सांगता ठाऊक असते. यीस्ट तिथे हवेविना साखर मोडते, म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल. वर्गात मी साखरेचे पाणी, यीस्ट आणि बाटलीच्या तोंडाला फुगा लावून तेच दाखवतो. धानाचे दाणेही हे करतात. बांधीत पाण्याखाली, जिथे ऑक्सिजन जवळजवळ नाही तिथे, बहुतेक पिकांचे बी कुजते. धान विनॉक्सिश्वसनावर तग धरून आपला पहिला कोंब उंच काढते, मुळे मागे ठेवून. कोंब हवेला टेकला की मग मुळे. मोठ्या रोपाच्या खोडात पोकळ्या असतात, त्यांतून हवा चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. रोवणी करणाऱ्या बायांना रोपाचे खोड दाबून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून तं दाबलं का चर्र करते."

शेवटी माझा सगळ्यात लाडका जीव, कोसा. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचे कापड विणतात, आणि त्यासाठी लागणारी टसरची अळी ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पाळतात. अळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांची रांग असते. तीच तिची हवेची दारे. हवा नळ्यांतून थेट पेशींपर्यंत जाते, रक्ताला मध्ये पडावे लागत नाही. कोश विणून झाला की आतला जीव हिवाळा आणि उन्हाळा तसाच काढतो, खात नाही, पीत नाही. याच कुळातल्या सेक्रोपिया पतंगावर अमेरिकेत श्नायडरमन आणि विल्यम्स यांनी १९५० च्या दशकात काम केले. त्या निद्रिस्त जीवाची छिद्रे बराच काळ जवळजवळ बंद असतात आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड एकदम बाहेर सोडला जातो, काही तासांनी, थंडीत तर काही दिवसांनी. म्हणजे श्वास तुटक, श्वसन अखंड. हे पहिल्यांदा वाचले त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आंधळगावहून येताना मी पाच जिवंत कोश आणले होते. आठवीतल्या एका मुलीने ते मागून घेतले. तिच्या मामाचे सोनाराचे दुकान होते. दर रविवारी ती कोश तिथल्या काट्यावर तोलायची आणि वहीत आकडा लिहायची. वजन आठवड्या-आठवड्याने उतरत गेले. थोडे पाणी उडून जाते, हे मी तिला सांगितले. "बाकीचं?" तिने विचारले. मी म्हटले, मुगाची बरणी आठव. तिने एक कोश निवळीच्या बाटलीसह डब्यात बंद करून ठेवला. दुधाळ व्हायला मुगापेक्षा पुष्कळ जास्त वेळ लागला, पण झाली.

मृगाच्या सरी पडल्यावर चार कोशांतून पतंग निघाले, पाचवा निघाला नाही. तिने रिकामे कोश तोलले, पाचवाही तोलला, आणि त्याचे वजन केव्हापासून कमी होईनासे झाले ते मागे पाने उलटून शोधू लागली.