ट्यूमर बोर्ड म्हणजे काय? माजी सैनिकांच्या नातवंडांसाठी

घरात कुणी माजी सैनिक असतील आणि त्यांना कॅन्सर निघाला, तर रिपोर्ट सांभाळायचं काम बहुतेक तुमच्याच मोबाइलवर येणार. म्हणून हे वाचून ठेवा.

सर्जन, केमो देणारे, रेडिएशन देणारे, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून एका पेशंटची केस बघतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आधी ऑपरेशन की आधी केमो, हे तिथे ठरतं. हा क्रम महत्त्वाचा, कारण एकदा झालेलं ऑपरेशन मागे घेता येत नाही. 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधली हॉस्पिटलं अवघड केसेसवर ऑनलाइनही चर्चा करतात.

आमच्या डोंगरकड्यात कुठला ट्यूमर बोर्ड! पण डेटा नीट असेल तर केस लांबच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचते. मी तीन गोष्टी सांगतो:

1. सीटी-एमआरआयच्या फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून भागत नाही, तो कॉम्प्रेस होतो. डायकॉम फाइल असलेली सीडी मागून घ्या. त्यात सगळ्या स्लाइस असतात.
2. बायोप्सीच्या रिपोर्टची पीडीएफ ठेवाच, पण ब्लॉकही जपा. तो दुसऱ्या लॅबला प्रत्यक्षच न्यावा लागतो.
3. ईसीएचएस कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी संरक्षण मंत्रालयाने 2021 मध्ये सेहत ओपीडी सुरू केली. तिथे व्हिडिओ कॉलवर डॉक्टर मोफत बोलतात.

आणि उपचार सुरू होण्याआधी हॉस्पिटलात नक्की विचारा: "आजोबांची केस ट्यूमर बोर्डात ठेवली का?"