फोडायला तीन वर्षांचे रविवार

२ चा ६७वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. उत्तर येतं १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. एकवीस अंकांची ही संख्या विषम आहे, शेवटी ५ नाही आणि अंकांची बेरीज १०९, म्हणून ३ नेही भाग जात नाही. शाळेत शिकलेल्या कसोट्या इथवरच पुरतात. गैरसमज त्यापुढे सुरू होतात.

गैरसमज : घातांक मूळ असला, की २ च्या त्या घातातून १ वजा करून मिळणारी संख्याही मूळच असते.

वस्तुस्थिती : २, ३, ५, ७ हे घातांक घेतले तर ३, ७, ३१, १२७ मिळतात, चारही मूळ. ११ ला मात्र घोडं अडतं : २०४७ = २३ × ८९. घातांक संयुक्त असेल तर संख्या नक्की संयुक्त. पण घातांक मूळ असल्यावर खात्री देता येत नाही. फ्रेंच धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये २५७ पर्यंतच्या 'यशस्वी' घातांकांची यादी दिली. तीत ६७ आणि २५७ चुकून आले. ६१, ८९ आणि १०७ सुटले.

गैरसमज : अवयव सापडल्याशिवाय संख्या संयुक्त ठरत नाही.

वस्तुस्थिती : गणितज्ञ एदुआर लुका यांनी १८७६ मध्ये सुरुवातीची ती एकवीस अंकी संख्या संयुक्त ठरवली, तीही एकही अवयव हाती नसताना. त्यांच्या कसोटीला गणितज्ञ लेमर यांनी पुढे सोपं रूप दिलं. ४ पासून सुरुवात करायची. दर पायरीला वर्ग करून २ वजा करायचे आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवायची. ३१ साठी (घातांक ५) ही साखळी ४, १४, ८, ० अशी चालते. घातांकाहून दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. अवयव कोणते, हे मात्र ही कसोटी सांगत नाही.

गैरसमज : अवयव शोधायचे म्हणजे दिसेल त्या मूळ संख्येने भागत सुटायचं.

वस्तुस्थिती : इथे बहुतेक उमेदवार आधीच बाद होतात. आपल्या एकवीस अंकी संख्येचा मूळ अवयव १३४ च्या एखाद्या पटीहून १ ने मोठाच असावा लागतो. शिवाय त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरावी लागते. तरीही लहान अवयव निघाला तो १३४ च्या १४,४५,५८० व्या पटीपुढचा. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी तो जाहीर केला : १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. सांगतात की, त्यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर हा गुणाकार केला आणि जागेवर जाऊन बसले. किती वेळ लागला असं विचारल्यावर उत्तर मिळालं, तीन वर्षांचे रविवार.

गैरसमज : आता संगणक आहेत, कुठलीही संख्या फुटेल.

वस्तुस्थिती : कोल यांची संख्या आज साधा संगणकही चुटकीसरशी फोडतो. पण 'आरएसए-२५०' ही २५० अंकी संख्या फुटायला २०२० साल उजाडलं आणि त्यासाठी असंख्य संगणक राबवावे लागले. इंटरनेटवरच्या सुरक्षित व्यवहारांत सर्रास वापरली जाणारी आरएसए या सांकेतिकीकरण पद्धतीची चावी ६१७ अंकी असते. ती दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दोन संख्या कोणत्या, हे फक्त चावीच्या मालकाला.