गहू सोडण्याआधी

इंदूरला दिलेली माझी आतेबहीण पंधरा वर्षं लोहाच्या गोळ्या खात होती. हिमोग्लोबिन काही आठाच्या वर सरकेना. गूळ-शेंगदाणे झाले, खजूर झाला, बीट झालं, जंताचं औषध झालं. "बायकांचं असंच असतं" हे तिनं दवाखान्यात ऐकलं आणि घरातही ऐकलं. पोटाची तक्रार म्हणाल तर काहीच नाही. उलट माळव्यातले कणकेचे बाफले सहज पचवणारी म्हणून तिचं कौतुकच व्हायचं. शेवटी एका नव्या डॉक्टरनं 'टीटीजी आयजीए' ही रक्ततपासणी लिहून दिली. आकडा मर्यादेच्या दहापटींहून जास्त आला. मग एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याचे तुकडे तपासायला गेले आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तिला कळलं, की इतकी वर्षं ज्या पोळ्या ती निगुतीनं लाटत आली, त्याच तिच्या आतड्याला सोसत नव्हत्या. आजाराचं नाव सीलिॲक.

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन असतं. कणकेला चिवटपणा येतो तो त्यामुळेच. आपल्या पाचकरसांना त्याचे पुरते तुकडे करता येत नाहीत. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ ही जनुकं असलेल्यांपैकी काहींचं शरीर या अर्धवट तुकड्यांवर उठतं आणि त्या भरात स्वतःच्याच टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज (टीटीजी) या विकराविरुद्धही प्रतिपिंडं तयार करतं. लहान आतड्याचं अस्तर मखमलीसारखं असतं. या भांडणात मखमलीचे कोंब झडून जातात. लोह शोषलं जातं ते आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि मार सगळ्यात जास्त बसतो तो तिथेच. म्हणून एकही जुलाब न होता माणसाचं रक्त कमी होत राहू शकतं, हाडं ठिसूळ होऊ शकतात, दिवस राहायला अडचण येऊ शकते. बर्लिनच्या संशोधकांनी १९९७ साली हे विकर ओळखलं आणि त्यानंतर रक्ताच्या एका नळीवरून आजाराचा संशय घेणं सोपं झालं.

तपासणी इतकी सोपी, तर मग सगळ्याच मोठ्या माणसांची का करू नये?

हा प्रश्न नॉर्वेच्या उत्तर टोकाला, ट्रॉम्सो शहरात प्रत्यक्ष तपासून पाहिला गेला. तिथे १२,९८१ प्रौढांचं रक्त तपासलं. आजार आधीपासून माहीत असलेले ०.३७ टक्के होते. नव्यानं सापडलेले १.१० टक्के. म्हणजे चार रुग्णांपैकी तिघांना आपल्याला काही आहे याचा पत्ताच नव्हता. यातल्या बहुतेकांना ग्लूटेन सोडून वर्ष झाल्यावर पोटाला आराम वाटला आणि थकवा कमी झाला. आपण थकलेले असतो हेच त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्या बहिणीचंही तेच झालं. जिना चढताना थांबावं लागणं हा ती आपला स्वभावच समजत होती.

दुसरी हकीकत अमेरिकेची. वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर १९४८ ते १९५४ या काळात तरुण सैनिकांचं रक्त घेऊन गोठवून ठेवलं होतं. पन्नासएक वर्षांनी मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी त्यातले ९,१३३ नमुने बाहेर काढून सीलिॲकसाठी तपासले. निदान न झालेला आजार ०.२ टक्के जणांत निघाला. आजच्या लोकांत हे प्रमाण चौपटीहून जास्त आहे. म्हणजे केवळ तपासण्या वाढल्या म्हणून आकडे वाढले असं म्हणता येत नाही, आजारच वाढला आहे. पुढच्या ४५ वर्षांत आजार निघालेल्या सैनिकांमधलं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ चौपट होतं. ऐकून धस्स होतं खरं, पण ही मोजकी चौदा माणसं होती हेही सांगायला हवं. हे निष्कर्ष छापून आल्यावर त्याच मेयो क्लिनिकनं पुढच्याच वर्षी पन्नाशी उलटलेल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात हाडांची घनता कमी आढळली, मृत्यू मात्र वाढलेले दिसले नाहीत. त्यामुळे लक्षणं नसलेल्यांची तपासणी करावी की नाही, हे ठरवायला पुरावा पुरेसा नाही, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा कार्यदलानं २०१७ साली सांगितलं.

आपल्या देशातली पाहणी मला याहून बोलकी वाटते. डॉ. बालकृष्णन रामकृष्ण, डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणा, आसाम आणि तमिळनाडूतल्या २३,३३१ प्रौढांचं रक्त तपासलं. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात प्रतिपिंडं सापडली ती उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत जेमतेम ०.१० टक्के लोकांत. जनुकांचा फरक असेल म्हणावं, तर आजाराला वाट देणारी जनुकं उत्तरेत ३८ टक्के आणि दक्षिणेत ३६ टक्के, जवळपास सारखीच. ताट मात्र वेगळं. उत्तरेत रोजचा गहू माणशी सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. इथे आपण 'सगळा दोष गव्हाचा' म्हणून मोकळे होणार, तोच आसाम आडवा येतो. तिथे गहू अवघा ३७ ग्रॅम, तरीही प्रमाण दक्षिणेच्या कितीतरी पट. जनुकं हवीत, गहू हवा आणि शिवाय आणखी काहीतरी हवं.

या पाहणीतून मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते पुढचं. उत्तरेत हजारी बारा जणांचं रक्त पॉझिटिव्ह आलं आणि त्यातल्या साडेआठ जणांना प्रत्यक्ष आजार होता. दक्षिणेत हजारी एखाद्याचं रक्त पॉझिटिव्ह आलं, आणि आजार होता दहा हजारांत एकाला. तपासणी तीच, पण हरियाणात तिचा कौल बहुतेक वेळा खरा निघतो आणि तमिळनाडूत दहातल्या नऊ जणांना विनाकारण घोर लावतो. म्हणून सरसकट सगळ्या प्रौढांचं रक्त तपासावं असं मला वाटत नाही. निव्वळ रक्ताच्या रिपोर्टवर धडधाकट माणसाला जन्मभराचं पथ्य लावू नये, असं मी ठामपणे म्हणेन. मोठ्या माणसांत साधारणपणे आतड्याचा तुकडा तपासूनच पक्कं करायची रीत आहे, ती उगाच नाही.

कारण असेल तिथे मात्र तपासणी टाळू नये. गोळ्यांना दाद न देणारा ॲनिमिया, अकाली ठिसूळ झालेली हाडं, टाइप वन मधुमेह, थायरॉइडचा स्वप्रतिकार विकार, आणि सीलिॲकच्या रुग्णाचे आईवडील, भावंडं, मुलं. आपल्याकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी असणं इतकं अंगवळणी पडलंय, की कारण शोधायची गरजच कुणाला वाटत नाही. मला खरा राग येतो तो याचा. तपासणी करताना एकूण आयजीए हे प्रतिपिंडही मोजून घ्यावं. काहींच्या शरीरात ते मुळातच तयार होत नाही, आणि मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येतो.

आपण महाराष्ट्रातले लोक तर ज्वारी-बाजरीचे, नाचणी-तांदळाचे. आमच्या आजीकडे पोळी सणावारी व्हायची. आज खेडोपाडी रोजच्या डब्यात पोळी आहे, चहासोबत बिस्कीट आहे. थाळी अशी उत्तरेकडे सरकत असताना डॉक्टरांच्या मनातही हा आजार यायला हवा.

आणि एक चूक सर्रास होते. कुठेतरी वाचून माणूस आधी गहू सोडतो, जरा हलकं वाटतं, मग महिन्या-दोन महिन्यांनी तपासणीला जातो. तोवर प्रतिपिंडं उतरायला लागलेली असतात, आतडं भरून यायला लागलेलं असतं. रिपोर्ट कोरा येतो आणि खरं काय ते कळतच नाही. तपासणीआधी किमान सहा आठवडे, दिवसातून एकाहून जास्त वेळा गहू पोटात जायला हवा.

निदान पक्कं झाल्यावरचं पथ्य सोपं नाही. बहिणीनं भाकरी थापायला नव्यानं सुरुवात केली तरी रक्तातला आकडा हवा तसा उतरेना. कारण सापडलं गिरणीत. तिची ज्वारी गव्हावर दळली जात होती, जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्या डब्यात येत होतं. मग तिनं घरघंटी घेतली. दुसरं कारण फोडणीत होतं. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ घातलेलं असतं, हे डबीवरची बारीक अक्षरं वाचून तिला कळलं. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात आपल्या देशाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. तेवढ्याशा मर्यादेपुढे गिरणीतली ती धूळही फार होते.

गेल्या दिवाळीत तिच्या घरी फराळाला अनारसे होते, बेसनाचे लाडू होते, तांदळाच्या भाजणीची चकली होती. भाऊबीजेला धाकटा भाऊ आला. त्याची तपासणी राहिली होती. "मला काही त्रास नाही गं ताई, पण तुझ्यासारखी पोळी सोडूनच टाकतो आता," तो म्हणाला. ताईनं बाहेरून आणवलेला शंकरपाळ्यांचा पुडा त्याच्यासमोर ठेवला. "अजिबात सोडायची नाही. दोन्ही वेळा पोळी खायची आणि डिसेंबरात रक्त द्यायचं," असं म्हणून ती हात धुवायला गेली.