हार्मोन पॅचखाली खाज, लाल चट्टा? ॲलर्जी आहे की घाम आणि नाडी, हे असं ओळखा

अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडला मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो तेव्हा अंगावर साधी बँडेजची पट्टीही टिकत नाही. अशा उन्हात रजोनिवृत्तीचा त्रास कमी करणारा हार्मोन पॅच तीन-चार दिवस एकाच जागी चिकटून राहावा आणि त्याखाली खाजही येऊ नये, ही अपेक्षा मोठीच म्हणायची.

मग होतं असं की, पॅच काढल्यावर खाली चौकोनी लाल डाग दिसतो. दुसऱ्या वेळी खाज वाढते. तिसरा पॅच लावलाच जात नाही आणि ‘मला हे सोसत नाही’ म्हणून उपचार थांबतात. प्रत्यक्षात यातल्या बऱ्याच तक्रारी पॅचची जागा बदलली, कंपनी बदलली किंवा पॅचऐवजी जेल घेतलं तर मिटतात. काही थोड्या बायकांना मात्र खरी ॲलर्जी असते, आणि त्यांनी तोच पॅच पुन्हा लावू नये. या दोन्हींतला फरक कळणं म्हणूनच महत्त्वाचं.

पॅच लागतोच कुणाला?

सलग 12 महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर मानतात. पाश्चात्त्य देशांत हे सरासरी 51 व्या वर्षी होतं, भारतात साधारण 46-47 व्या. इस्ट्रोजेन कमी झालं की अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने जाग येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. प्रत्येकीला औषध लागतंच असं नाही. पण ज्यांचं ऑपरेशनमध्ये गर्भपिशवीबरोबर बीजांडकोषही काढलं गेलं, त्यांची रजोनिवृत्ती एका दिवसात होते आणि त्रासही जास्त असतो. ग्रामीण महाराष्ट्रात हा विषय किरकोळ नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या तरुण वयातच काढल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला होता आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. कमी वयात बीजांडकोष गेलेल्या बाईला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन द्यावं असा वैद्यकीय सल्ला असतो. म्हणजे खाजेमुळे पॅच सोडून देणं तिला बरंच महाग पडू शकतं.

गोळी सोडून पॅच का? गोळीतलं इस्ट्रोजेन पोटातून आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. पॅचमधलं थेट कातडीतून रक्तात उतरतं, त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी राहतो. वजन किंवा रक्तदाब जास्त असलेल्या बायकांसाठी डॉक्टर पॅच किंवा जेल निवडतात ते यामुळेच.

औषध गोंदातच असतं

अमेरिकेत 1986 मध्ये मंजूर झालेल्या पहिल्या इस्ट्रोजेन पॅचमध्ये औषध अल्कोहोलसह एका बारीक पिशवीत भरलेलं असायचं. त्या अल्कोहोलने कातडी लाल व्हायची. आताचे बहुतेक पॅच ‘मॅट्रिक्स’ प्रकारचे आहेत. त्यांत वेगळी टाकी नाही, चिकटणाऱ्या गोंदाच्या थरातच औषध मिसळलेलं असतं. (इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी डिफ्युजनची समीकरणं सोडवताना ती कुणाच्या कमरेवर कामाला येतील असं वाटलं नव्हतं.) कातडीची लाली या नव्या प्रकारात बरीच कमी झाली, पण गोंद आणि औषध वेगळं करता येत नाही. गोंद मात्र कंपनीगणिक वेगळा असतो. म्हणूनच एका कंपनीचा पॅच सोसला नाही तरी तेवढ्याच ताकदीचा दुसऱ्या कंपनीचा पॅच चालून जाऊ शकतो. हा बदल डॉक्टरांना विचारून करा, कारण काही पॅच आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात, काही एकदाच.

जळजळ की ॲलर्जी?

पॅच काढल्यावर नीट बघा. लाली बरोबर पॅचच्या आकाराची आहे, कडेबाहेर गेलेली नाही, थोडी खाज आहे आणि दिवसा-दोन दिवसांत फिकट होते? मग ती बहुधा साधी जळजळ आहे. घाम कोंडणं, पॅच ओढून काढणं, त्याच त्या जागेवर पुन्हा लावणं, ही तिची नेहमीची कारणं. बारीक पुरळ असेल तर पॅचखाली चक्क घामोळं आलेलं असू शकतं.

ॲलर्जीचं वागणं वेगळं. सुरुवातीचे काही पॅच, कधी कधी काही महिने, काहीच होत नाही. मग एके दिवशी जोराची खाज, सूज, पाण्याचे बारीक फोड, आणि चट्टा पॅचच्या कडेबाहेर पसरलेला. पॅच काढल्यावरही तो एक-दोन दिवस वाढतच जातो. पुढच्या वेळी हेच आणखी लवकर आणि आणखी जोरात होतं. कधी तर आधीच्या पॅचची जुनी जागाही पुन्हा लाल होते. असं दिसलं तर पॅच काढा, जागा साध्या पाण्याने धुवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. भेटीच्या दिवसापर्यंत चट्टा उतरलेला असतो, तेव्हा फोटोच कामाला येतो.

आपल्याकडे या बाबतीत एक जुना पुरावा घरोघरी सापडतो, तो म्हणजे टिकली. टिकलीच्या गोंदातल्या पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल या रसायनामुळे काहींच्या कपाळावर खाज येते, काहींना पांढरा डाग पडतो. पॅचमध्ये बहुतेक वेळा ॲक्रिलेट जातीचा गोंद असतो, म्हणजे रसायन वेगळं. त्यामुळे टिकली सोसत नाही म्हणजे पॅचही सोसणार नाही असं नाही. तरी टिकलीने किंवा ऑपरेशननंतरच्या चिकटपट्टीने पूर्वी त्रास झाला असेल, तर पॅच सुरू करण्याआधीच सांगा.

दोष गोंदाचा की औषधाचा, हे शोधायला त्वचारोगतज्ज्ञ ‘पॅच टेस्ट’ करतात. नावाचा गोंधळ होऊ देऊ नका, या चाचणीचा हार्मोन पॅचशी संबंध नाही. संशयित पदार्थ थोडे थोडे पाठीवर 48 तास चिकटवून ठेवतात आणि नंतर दोन-तीन दिवस कातडी तपासतात. क्वचित खुद्द इस्ट्रॅडिओलचीच ॲलर्जी निघते. तेव्हा जेल किंवा गोळीनेही अंगावर पुरळ उठू शकतं, म्हणून आपल्याच मनाने पॅचवरून जेलवर जाऊ नये.

नाडी, झोळी आणि योग्य जागा

‘पोटाचा खालचा भाग किंवा कुल्ला, कमरपट्ट्याची जागा टाळा’ असं पॅचच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. वऱ्हाडातल्या बाईसाठी या वाक्याचा अर्थ जरा उलगडून सांगायला हवा. इथे कमरपट्टा म्हणजे परकराची नाडी, आणि ती वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घट्ट बांधलेली असते. शेजारच्या वर्ध्यातल्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी 2024 मध्ये नाडीच्या सततच्या घासण्याने झालेल्या जखमांतून कर्करोग झाल्याच्या दोन घटना ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये मांडल्या होत्या. पॅचमुळे असं होतं असा याचा अर्थ अजिबात नाही. पण त्या रेषेवरची कातडी आधीच घासून दुखावलेली असते. पॅच तिथे नको, इतकंच.

कापूस वेचणीच्या दिवसांत आणखी एक अडचण येते. कमरेला बांधलेली झोळी भरत गेली की तिचं वजन ओटीपोटावर येतं आणि पॅच गोळा होतो. तेव्हा कुल्ल्याचा वरचा, बाहेरचा भाग बरा, मात्र टेकून बसताना दबेल अशा जागी लावू नका. छातीवर पॅच कधीच लावायचा नाही. डावी बाजू झाली की उजवी, आणि त्याच जागेवर किमान आठवडाभर परत येऊ नका.

लावण्याची वेळही बघावी लागते. अंघोळीनंतर लगेच नको, अंग पूर्ण कोरडं होऊन थंड होऊ द्या. रात्री झोपताना लावला तर घामाआधी चिकटायला काही तास मिळतात. जागेवर तेल, पावडर, क्रीम काहीही नको. तळहाताने 10 सेकंद दाबून धरा. पॅचवर थेट ऊन किंवा शेकण्याची पिशवी नको, उष्णतेने गोंद सैल होतो आणि औषधही जास्त उतरू शकतं. काढताना एका कोपऱ्यापासून हळू सोलत जा. गोंद राहिला तर खोबरेल तेल लावून पुसा. तेलाचं काम आहे ते इथे, पॅच लावण्याआधी नाही.

लाल जागेवर हळद-लिंबाचे प्रयोग टाळा. मेडिकलमधून मिळणारी ‘खाज-खरूज’वाली मिश्र क्रीमही नको. त्यांतल्या अनेकांत जोरदार स्टेरॉइड असतं. 2018 पासून अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर सौम्य स्टेरॉइड लिहून देतात ते पॅच काढल्यानंतरच्या जागेसाठी, नव्या पॅचखाली चोपडण्यासाठी नाही.

पॅच थांबवला तर पुढे?

जेल हा सोपा पर्याय आहे. दंडावर किंवा मांडीवर लावून वाळू द्यायचं, हात धुवायचे, लेकराबाळांना त्या जागेला हात लावू द्यायचा नाही. जेलमध्ये अल्कोहोल असतं, म्हणून ते वाळेपर्यंत चुलीजवळ किंवा गॅसजवळ जाऊ नका.

गर्भपिशवी शाबूत असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनही लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं. पॅचऐवजी जेल आलं म्हणून प्रोजेस्टेरॉनची गोळी बंद करायची नसते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर ते ‘औषधाचं असेल’ म्हणून सोडू नका. स्तनाचा कर्करोग झालेल्या, रक्ताची गुठळी झालेल्या किंवा यकृताचा गंभीर आजार असलेल्या बायकांना हे उपचार सहसा देत नाहीत.

हिवरखेडहून तपासणीसाठी अकोल्याचं जिल्हा स्त्री रुग्णालय आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावती जिल्ह्यात मोर्शीकडच्या हिवरखेडवाल्यांना अमरावतीचं डफरीन. जाताना पॅचचं रिकामं पाकीट आणि मोबाइलमधला फोटो सोबत असू द्या. चेहरा सुजणं, श्वास लागणं, छातीत दुखणं किंवा एकाच पायाला सूज येऊन दुखणं यातलं काही झालं तर पॅच काढा आणि थेट 108 ला फोन करा.

वापरलेल्या पॅचमध्ये औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घालून त्याची घडी करा आणि लहान मुलं, जनावरं पोहोचणार नाहीत अशा कचऱ्यात टाका. उकिरड्यावर नको.