अर्थसंकल्प, लघुव्यवसायाचा : रोख व उपार्जित पद्धती

व्यवसायाच्या आगामी कालावधीतील उत्पन्न व खर्च यांचा पैशांत मांडलेला अंदाज म्हणजे त्याचा अर्थसंकल्प होय. तो दोन पद्धतींनी करता येतो. पैसा प्रत्यक्ष हाती येईल वा हातून जाईल, त्याच महिन्यात रक्कम मांडणे ही रोख पद्धती. पैसा केव्हाही मिळो वा द्यावा लागो, माल विकला अथवा सेवा घेतली की ती रक्कम त्या महिन्यात धरणे, ही उपार्जित पद्धती. जुन्या पेढीवरील रोजमेळ दिवसअखेरची रोकड सांगे, तर गिऱ्हाइकाकडील येणे खतावणीतील त्याच्या खात्यावरून कळे; भेद तोच आहे.

यंत्रभाग बनविणाऱ्या एका छोट्या कारखान्याने २० एप्रिल रोजी १,००,००० रुपयांचा माल ४५ दिवसांच्या उधारीवर दिला आणि त्यासाठीचा कच्चा माल, मजुरी व वीज यांपोटी ७०,००० रुपये त्याच महिन्यात चुकते केले, असे समजू. उपार्जित अर्थसंकल्पात एप्रिलचा नफा ३०,००० रुपये दिसेल. रोख अर्थसंकल्पात तूट ७०,००० रुपये. मे महिन्यात मागणी दुप्पट झाल्यास मेअखेर नफा ९०,००० रुपये होतो, गुंतलेली रोकड २,१०,००० रुपये होते आणि वसुली मात्र शून्यच राहते. धंदा वाढत असतानाच मालकास मजुरीसाठी कर्ज काढावे लागते, ते यामुळे. शिवाय मालावरील वस्तू व सेवा कर सामान्यतः बीजक दिल्यावरच देय होतो, गिऱ्हाइकाने पैसे दिल्यावर नव्हे.

रोख पद्धतीही फसवी ठरू शकते. पेण येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांत माती, रंग व मजुरी यांवरील खर्च कित्येक महिने चालतो. विक्री मात्र भाद्रपदाच्या सुमारास एकवटते. केवळ रोकड पाहिल्यास वर्षातील बहुतेक महिने तोट्याचे भासतात आणि हंगामातील भरलेला गल्ला नफा समजून खर्च होतो. आगाऊ नोंदणीची रक्कमही मूर्ती हवाली होईपर्यंत देणेच असते. यंत्राचा घसारा रोख अर्थसंकल्पात येत नाही. उलट कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल उपार्जित अर्थसंकल्पाच्या खर्चात नसते.

अर्थसंकल्प ही अंतर्गत बाब असल्याने त्याच्या पद्धतीची सक्ती कायदा करीत नाही. हिशेबांच्या वह्यांचे तसे नाही : २०१३ च्या कंपनी अधिनियमानुसार कंपन्यांना त्या उपार्जित पद्धतीनेच ठेवाव्या लागतात. १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने धंद्याच्या उत्पन्नासाठी दोन्ही पद्धतींना मान्यता दिली होती. त्यांची सरमिसळ १९९५ च्या वित्त अधिनियमाने बंद केली.

रोखीने चालणाऱ्या उपाहारगृहास रोख अर्थसंकल्प बहुधा पुरतो. उधारी किंवा मोठा साठा असल्यास वर्षाचा उपार्जित अर्थसंकल्प करून त्यावरून महिनावार रोख अर्थसंकल्प काढावा. एकच करणे शक्य असेल, तर रोख अर्थसंकल्प निवडावा. कारण नफा कमी पडल्यास सावरण्यास अवधी मिळतो, पगाराच्या दिवशी रोकड नसल्यास तो मिळत नाही. वसुलीचे महिने मात्र बीजकावरील मुदतीवरून धरू नयेत. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे कराराने ठरलेल्या, पण ४५ दिवसांहून अधिक नसलेल्या मुदतीत द्यावेत, असे २००६ च्या अधिनियमाने ठरविले असले, तरी देय झालेला पैसा त्या दिवशी हाती येतोच असे नाही. गिऱ्हाइकाने मागील वर्षी प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे दिले, हे त्याच्या खात्यावरून पाहून तेवढे दिवस धरावेत.