भातखाचरातील दोन शिकारी: लांडगा कोळी आणि भेक

मित्रकीटक म्हटले की प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडला जाणारा ट्रायकोग्रामा आठवतो. बंगळुरूमध्ये जैविक नियंत्रणाचे संशोधन १९५७ पासून, राष्ट्रकुल जैविक नियंत्रण संस्थेच्या भारतीय केंद्रापासून, चालत आले आहे. मात्र कोणीही न सोडता शेतात वावरणारे भक्षकही तितकेच मोलाचे असतात. भातखाचरातील लांडगा कोळी (पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा) आणि बांधावरील भेक (दत्ताफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस) ही त्यांची दोन उदाहरणे.

शिकारीची रीत: लांडगा कोळी जाळे विणत नाही. तो चुडाच्या बुंध्याशी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर धावून तुडतुडे पकडतो, विष टोचतो व भक्ष्याचा द्रवरूप झालेला भाग शोषून घेतो. भेक दिवेलागणीनंतर बाहेर पडतो आणि चिकट जिभेने मुंग्या, वाळवी, भुंगेरे टिपून अख्खे गिळतो. हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर येतात, तीही वेळ संध्याकाळचीच.

प्रजनन: कोळ्याची मादी अंडकोश पोटाच्या टोकाशी बाळगते, पिल्ले तिच्या पाठीवर वाढीचे पहिले दिवस काढतात. भेक साचलेल्या पाण्यात अंड्यांच्या लांब माळा घालतो. कोळ्याला बांधावरचे गवत पुरते, भेकाला स्वच्छ डबकेही लागते.

मर्यादा: दोघेही शत्रू-मित्र ओळखत नाहीत. भेक कोळ्यालाही खातो. त्यामुळे भेक बाहेरून आणून सोडणे हा उपाय नव्हे. ऑस्ट्रेलियात १९३५ मध्ये उसावरील भुंगेऱ्यांसाठी आणलेला केन टोड स्वतःच उपद्रवी ठरला.

फवारणीपूर्वी: कृषी परिसंस्था विश्लेषणात कीड व मित्रकीटक यांचे २:१ हे प्रमाण निर्णयासाठी आधारभूत मानतात. सकाळच्या पाहणीत कोळी मोजला जातो. दगडाखाली लपलेला भेक सुटतो. म्हणून एकदा रात्री बॅटरी घेऊन बांधावरून फिरून यावे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास कोळी मरतात, पण पर्णकोषात घातलेली तपकिरी तुडतुड्याची अंडी वाचतात. त्यातून कीड पुन्हा उसळते. तेच कीटकनाशक वाहून डबक्यात गेले की भेकाच्या पिल्लांवर येते. फवारणी अपरिहार्य असल्यास प्रादुर्भाव झालेल्या भागापुरतीच करावी, बांधावरील गवत सरसकट जाळू नये आणि फवारणी पंप डबक्यात धुऊ नये.